आठ नंबरची तार

एमेट म्हणाला, पाणी चावतं.
सहा वर्षांचं पोर; आजीला वाटलं, पोहायचा कंटाळा.
मग एका संध्याकाळी ती स्वतः उतरायला गेली,
ओल्या फरशीवर अनवाणी, हात शिडीच्या दांडीवर,
आणि कोपरापर्यंत मुंग्यांची रांग चढून गेली.
तिनं आम्हाला फोन केला.

टूसॉन, जुलै. सकाळचे सात,
तरी पत्र्याच्या पेटीला हात लावायची सोय नाही.
ऑफेलिया बारांतेस, माझी उस्ताद,
गुडघ्याखाली गादीचा तुकडा सरकवून पंपापाशी बसली.
आधी मीटर, मग डोळे, हात सगळ्यांत शेवटी:
मला ती रोज एवढंच शिकवायची.

पॅनेलच्या दारावर पेन्सिलीनं, सुबक अक्षरात:
‘पंप. बंद करू नये. हार्लन.’
“माझे यजमान,” मार्जोरीबाई म्हणाल्या,
“सगळं त्यांनी एकट्यानं केलं, एका उन्हाळ्यात.
कुणाला म्हणून बोलावलं नाही.”

झाकण उघडलं.
हिरवी तार गुंडाळून, टेप लावून कोपऱ्यात सारलेली,
नको असलेल्या आहेरासारखी.
ब्रेकर साधा. पाच मिलिअँपची गळती
त्याच्या गावीही नाही.
मोटारीच्या अंगावर तांब्याचा लग,
त्याचं भोक वीस वर्षं रिकामं.

मला तेव्हा वाटायचं, अर्थिंग केलं की झालं,
वीज जमिनीत सोडली, सुटलो.
ती म्हणाली, ते निम्मं.
हिरवी तार ब्रेकरला उठवते.
उघडी तार कुणाला उठवत नाही, काही कुठं नेत नाही;
शिडी, कठडा, मोटार, फरशीखालच्या सळया, खुद्द पाणी,
सगळ्यांना एका पातळीवर धरून ठेवते.
“दोघांत उंचसखल राहिलं की वीज निघते,
आणि वाटेत तिला सापडतं माणूस,
ओलं, अनवाणी.
उंचसखलच नसेल, तर ती वाहणार कुठून कुठं?”

तीन दिवस खणत होतो.
इथली जमीन माती नव्हे, चुन्याची थापी;
पहार मारली की उसळून दातांशी येते.
काठापासून दीड फुटावर चर,
चरात आठ नंबरची तांब्याची तार,
भरीव, अंगावर काही न घातलेली.
सळईला क्लॅम्प, शिडीच्या दोन्ही पायांना, कठड्याला, मोटारीला.
दुपारी पालो वेर्देच्या विरळ सावलीत टरबूज.
एमेट क्लॅम्प मोजून द्यायचा, एखादा खिशात ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी मार्जोरीबाईंनी विचारलं,
चष्मा पुसत, सहज विचारल्यासारखं,
“म्हणजे हार्लनचं चुकलं होतं का?”

मी तोंड उघडणार होतो.
नियम जुनाच. हार्लनच्या त्या उन्हाळ्याआधीचा,
माझ्या जन्माच्याही आधीचा.
ऑफेलिया स्क्रू आवळत राहिली.
“तेव्हा नियम वेगळे होते, बाई.
त्या काळच्या मानानं काम चोख आहे.
पाइपाला उतार बघा कसा दिलाय.”
उतार खरंच छान होता.

ट्रकमध्ये ती म्हणाली, बिल लिही.
तार साठ फूट. क्लॅम्प सात. नवा ब्रेकर एक.
मी पेन्सिल धरून बसलो. अजून काही?
तिनं गिअर टाकला.
एवढंच, म्हणाली.

इन्स्पेक्टर आला, वाकून बघून गेला,
मग चरावर काँक्रीट पडलं, तार गेली पोटात.
मीटरची एक काडी शिडीला, एक फरशीला:
काटा हलावा म्हणून आम्ही दोघं बघत राहिलो.
एमेटनं आधी एक बोट बुडवलं. मग मनगट.
“आता नुसतं ओलं आहे,” म्हणाला, जरा हिरमुसून.

पॅनेल नवं बसवलं.
दार मात्र तिनं जुनंच लावलं,
दोन भोकं वाढवून, घासून, बसवून,
आणि पेन्सिलीच्या अक्षरांखाली बोटभर जागा सोडून
लेबल चिकटवलं:
महिन्यातून एकदा बटण दाबून पाहणे.